जावयाची नाडी

गोगलगाय नापास झाली. हे एकदा सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणी उगीच आशा लावून बसणार नाही. आता हे वाक्य आपण वाचलेलंच नाही असं समजू. परीक्षेच्या दिवशी सकाळी गोगलगाय नापास वगैरे काही नव्हती. ती प्रात्यक्षिकाच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी होती, युनिफॉर्मला कडक इस्त्री होती, आणि भिंतीचा चुना पाठीला लागतोय हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आत खाटेवर जावई आडवा होता.

जावई म्हणजे नर्सिंग शाळेचा सरावाचा पुतळा. पुऱ्या मापाचा, रबराचा, डोळे अर्धवट मिटलेले, आणि चेहऱ्यावर पाहुणचारात काहीतरी कमी पडल्याचा भाव. त्याला रोज कुणीतरी अंग पुसून देई, कुणी कूस बदलून देई, कुणी दात घासून देई, आणि एवढं करून त्याच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द नाही. हे नाव कुठल्या तुकडीनं ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवणारीला घरचा अनुभव असणार.

या जावयाला एके काळी नाडी होती. मनगटातून एक बारीक नळी निघून गादीखालून पडद्यामागे जायची आणि तिच्या टोकाला लिंबाएवढा रबरी फुगा होता. पडद्यामागे स्टुलावर बसून बाई तो दाबायच्या. बाई म्हणजे शाळेच्या शिक्षिका. मुली त्यांना मॅडम म्हणत, बाकी सगळं जग बाई. त्या कधी भरभर दाबायच्या, कधी हळू, कधी मधलाच एक ठोका गाळायच्या, आणि मग पलीकडे मुलीचा श्वास अडकलेला ऐकू यायचा. कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर बाई सांगायच्या, जावयाचं हृदय चालवते. ऐकणारा विषय बदलायचा.

मग फुगा चिरला. बाईंनी नवा मागितला. भांडारातून उत्तर आलं की फुगा सुटा मिळत नाही, पूर्ण रुग्ण घ्यावा लागतो. पूर्ण रुग्ण घ्यायचा तर जुना आधी मोडीत काढावा लागतो. जुना मोडीत काढता येत नाही, कारण तपासणीला आलेल्या पथकाला तो नाडी सोडून बाकी सर्व बाबतींत सुस्थितीत आढळला होता.

तेव्हापासून बाई मुलींना सांगू लागल्या, "इथे नाडी आहे असं समजा. बहात्तर समजा." आणि लगेच पुढे, "वॉर्डात मात्र बोटाला लागेल तेच सांगायचं." यातलं पहिलं मुलींच्या लक्षात राहायचं. ते लहान होतं.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांना खोकला होता, आणि प्रत्येक मुलीनं प्रकृतीचा विषय काढला की तो वाढायचा. ते खुर्चीत बसले, बाई शेजारी उभ्या राहिल्या आणि पहिली मुलगी आत आली. ही पुढारी. वर्गाची प्रतिनिधी, मेसमधल्या पाण्यासाठी प्राचार्यांच्या दारात ठाण मांडणारी, आवाज असा की औषधाआधीच रुग्ण उठून बसावा.

"काका, नमस्कार," ती जावयाला म्हणाली. "आता मी तुमची नाडी बघणार आहे हं. घाबरायचं नाही."

जावई घाबरला नाही. पुढारीनं मनगट धरलं, आपल्या छातीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मान डोलावली.

"बहात्तर, सर."

"छान," परीक्षक म्हणाले आणि खोकले.

त्यानंतर बहात्तरची रांग लागली. एकीनं चौऱ्याहत्तर सांगितले, तेव्हा परीक्षकांनी मान वर करून तिच्याकडे जरा आदरानं पाहिलं. दुपारपर्यंत जावयाइतका निरोगी माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता.

गोगलगाय शेवटची होती. आडनावामुळे नव्हे; ती सगळीकडेच शेवटची असायची. चादर घालायला बसली की कोपरे इतके नीट दुमडायची की तोवर रुग्ण बरा होऊन घरी जाईल, असं पुढारी म्हणे. नाव त्यावरूनच पडलं होतं. आज तिला पास व्हायलाच हवं होतं. एका इस्पितळानं तिची मुलाखत घेऊन एक तारखेला हजर हो म्हणून सांगितलं होतं, आणि नोकरीबरोबर राहायला खोली होती. वसतिगृह परीक्षेनंतर रिकामं करायचं होतं. त्यानंतर मावशीचं घर, जिथे मावशी, तिचा नवरा, त्याची तीन मुलं आणि दोन शिवणयंत्रं अशी सगळी आधीच दाटीवाटीनं राहत होती. खोलीला खिडकी आहे का, असं बाईंनी तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "विचारलं नाही मॅडम. खोली नाही म्हणाले असते तर."

आता ती खाटेजवळ आली. पाठीवर चुन्याचा मोठा पांढरा पट्टा होता.

"आजोबा," ती जावयाला म्हणाली. सगळ्यांचा तो काका होता, हिचाच आजोबा. "हात देता का जरा."

तिनं मनगट धरलं. घड्याळ पाहिलं. एक मिनिट गेलं. परीक्षकांनी खोकल्याची गोळी चघळून संपवली. दुसरं मिनिट गेलं. तिनं बोटं थोडी सरकवली, मग वाकून दुसरं मनगट घेतलं, मग मानेला हात लावला. बाईंना दिसलं की हिच्या कपाळावर घाम आलाय.

"सांगा," परीक्षक म्हणाले.

"लागत नाहीये, सर."

"नीट बघा."

"बघितलं." तिचा आवाज बारीक झाला. "दोन्हीकडे बघितलं. मला वाटतं कुणाला तरी बोलवायला पाहिजे."

"कुणाला?"

आयुष्यात पहिल्यांदाच गोगलगायीनं एखादी गोष्ट भराभर केली. खाटेवर गुडघा टेकवला, दोन्ही तळहात जावयाच्या छातीवर ठेवले आणि सरळ हातांनी दाबायला सुरुवात केली. दाबण्याची पद्धत अगदी बरोबर होती, हे बाईंनी नंतर कित्येकदा स्वतःशी म्हटलं. अडचण एवढीच होती की जावयाच्या छातीला झाकण होतं. आतले अवयव दाखवण्यासाठी तशी सोय होती. तिसऱ्या दाबाला झाकण उडालं, चौथ्याला यकृत बाहेर आलं आणि फरशीवरून घरंगळत परीक्षकांच्या खुर्चीखाली जाऊन थांबलं.

परीक्षक खोकायचे थांबले. मग त्यांनी बाईंना विचारलं, "हे तुम्ही शिकवलंत?"

बाईंना इथे बरंच काही बोलता आलं असतं. जावयाला नाडी नाही, मुलगी खरं सांगतेय, बाकी सगळ्या खोटं बोलल्या आणि ते खोटं मी शिकवलंय, एवढं तर सहज. पण बाई खाली वाकल्या, खुर्चीखालून यकृत काढलं, पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "नाही सर."

गुणपत्रिकेवर दोघांच्या सह्या लागतात. दोघांच्या झाल्या.

बाहेर व्हरांड्यात गोगलगाय उभीच होती. बाईंनी तिच्या पाठीवरचा चुना झटकला. तो गेला नाही, पसरला.

"काय गं हे? बहात्तर म्हणायचं माहीत नव्हतं तुला?"

"माहीत होतं, मॅडम. तेच म्हणणार होते."

"मग?"

"मग हात गार लागला. तो रबराचा आहे हेही माहीत होतं. पण बराच वेळ धरून बसलं ना, की वाटायला लागतं. मी घाबरले. नर्सनं असं घाबरायचं नसतं ना, मॅडम?"

आतून मुलींचा दंगा ऐकू येत होता. पास झालेल्या मुली जावयाला मधे घेऊन फोटो काढत होत्या. कुणीतरी त्याला बसवलं होतं आणि पुढारी त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणत होती, "हसा की जावईबापू, सुटलात आमच्या तावडीतून."

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. बाईंचा नवरा विजेच्या मीटरचं रीडिंग घेत दारोदार फिरायचा. ऐकता ऐकता त्यानं चहाची बशी खाली ठेवली.

"अगं, यात काय एवढं? आमच्यात घराला कुलूप असलं की काय करतात? सरासरी टाकतात. मागच्या महिन्यात एवढं, त्याच्या मागच्या महिन्यात एवढं, मग या महिन्यात तेवढंच."

"आणि आत कुणी नसलं तर?"

"नसलं तर नसलं. सरासरी थोडीच कुणाला विचारून येते."

"अहो, एका घराला वर्षभर सरासरी टाकलीत आणि नंतर कळलं, घरच पडलेलं आहे. तुम्हीच सांगितलं होतंत."

"दार उभं होतं," नवरा म्हणाला. "रस्त्यावरून मी दारच बघणार ना?"

यावर दोघंही हसले. मग बाई भांडी घासायला उठल्या आणि एकच पातेलं बराच वेळ घासत राहिल्या.

मुली पांगल्या. इस्पितळांत जिथे तिथे माणसं कमीच असतात, त्यामुळे नर्सेसना नोकऱ्या पटापट लागतात, आणि मग त्या नोकरीवर माणसं कमीच असतात. पुढारी आणि आणखी चौघी शाळेच्या शेजारच्याच मोठ्या इस्पितळात लागल्या. गोगलगाय मावशीकडे गेली. तिची पुरवणी परीक्षा पुढच्या सत्रात होती. इस्पितळानं तिची एक तारीख दुसऱ्या कुणाला तरी दिली, खोलीसकट.

पुढे एके दिवशी कुणाच्या तरी जिन्याखालचं मीटर वाचताना बाईंच्या नवऱ्याला घेरी आली. आकडा सांगता सांगता तो जमिनीवर बसला आणि त्या घरच्यांनी त्याला रिक्षात घालून शाळेशेजारच्या इस्पितळात आणलं. बाई धावत पोचल्या तेव्हा तो खाटेवर पडून छताकडे पाहत होता.

"रीडिंग अर्धंच राहिलं," तो म्हणाला.

"राहू द्या."

"सरासरी टाकतील."

इतक्यात पुढारी आली. नवा पांढरा युनिफॉर्म, खिशाला तीन पेनं, पायात आवाज न करणारे बूट. बाईंना पाहून तिचा चेहरा खुलला.

"मॅडम, तुम्ही? आणि हे सर होय? अगं बाई. सर, काही काळजी करू नका, तुम्ही आपल्या माणसांत आलाय." तिनं मनगट हातात घेतलं. "आता मी तुमची नाडी बघणार आहे हं. घाबरायचं नाही. मॅडम, इथे काय हाल आहेत सांगू तुम्हाला, दोघींचं काम एकटीवर, परवा तर जेवायलाच मिळालं नाही." ती बोलत होती, बाईंकडे बघत होती, मान डोलावत होती. मग हात सोडून तिनं खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर लिहिलं.

"किती?" बाईंनी विचारलं.

"बहात्तर, मॅडम."

खाटेवरून नवऱ्यानं हळूच विचारलं, "कुलूप होतं वाटतं घराला?"

पुढारीला ते कळलं नाही. बाईंना कळलं. त्यांनी स्वतः मनगट धरलं. एक ठोका. दुसरा. मग काहीच नाही. बाई थांबल्या. बरीच वर्षं पडद्यामागे बसून त्यांनीच असे ठोके गाळले होते, पण तेव्हा पुढचा केव्हा द्यायचा ते त्यांच्या हातात होतं. मग एकदम तीन आले, उशीर झालेल्या कारकुनांसारखे, एकमेकांना ढकलत. मग परत काही नाही.

"डॉक्टरांना बोलव," बाई म्हणाल्या. "आत्ता."

पुढारी धावली. डॉक्टर आले, यंत्र आलं, खाट ढकलत बाहेर नेली. जाताना नवऱ्यानं बाईंना विचारलं, "मोडीत काढतायत का?" बाई म्हणाल्या, "गप्प पडा हो." दारं मिटली.

खाटेची जागा रिकामी झाली. बाईंना बसायला सांगण्यात आलं, पण बसवेना. त्या वॉर्डातून चालू लागल्या. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी झोपली होती. तिच्या तक्त्यावर लिहिलं होतं बहात्तर. पलीकडे प्लॅस्टरमधला माणूस, बहात्तर. तापानं फणफणलेली मुलगी, गाल लाल, ओठ सुकलेले, बहात्तर. खिडकीजवळच्या एका आजोबांचे सकाळ, दुपार आणि रात्र तिन्ही बहात्तर होते, आणि रात्र अजून व्हायची होती. अक्षरं वेगवेगळी होती. बाईंना सगळी ओळखू येत होती. पाचही मुलींच्या वह्या त्यांनी तीन वर्षं तपासल्या होत्या. आख्खा वॉर्ड जावयासारखा ठणठणीत होता.

बाई त्या आजोबांच्या मनगटाला हात लावायला पुढे झाल्या आणि हात मधेच थांबला. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "काय आहे?" बाई म्हणाल्या, "काही नाही," आणि त्यांना रडू आलं. आजोबांनी त्यांना आपल्या तांब्यातलं पाणी दिलं.

पुढारी परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "सरांना आत घेतलंय. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं."

"तू मोजली होतीस?"

पुढारीनं मान खाली घातली नाही. ती भांडणारी पोरगी होती. "मॅडम, तीस माणसं आहेत. मी एकटी. एकेकाला एक मिनिट मोजत बसले तर सलाईन कोण बघणार, इंजेक्शनं कोण देणार? पहिले दोन दिवस मोजली. खरंच मोजली. तिसऱ्या दिवशी एकाची औषधं राहिली आणि बोलणी खाल्ली. नाडीबद्दल कुणीच काही बोललं नाही." तिचा आवाज घसरला. "आणि बहात्तर लिहिताना मला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही हो. हात आपोआप लिहितो."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं होतं. हिनं प्राचार्यांच्या दारात मेसमधल्या पाण्यासाठी दोन दिवस घसा फोडला होता.

"माझी तक्रार करणार?"

"कुणाची कुणाची करू?" बाई म्हणाल्या. "त्या बाजूनं तू सुरू कर. या बाजूनं मी."

"आणि सलाईन?"

"मधे संपली की सांग. मीही नर्सच आहे."

दोघी वॉर्डाच्या दोन टोकांना गेल्या. बाईंनी म्हातारीचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पूर्ण मिनिट. मग पुढची खाट. कुणी विचारलं, काय चाललंय, तर प्लॅस्टरवाला म्हणाला, जनगणना आहे. बहात्तर एकाचेही नव्हते. तापाच्या मुलीचे ठोके इतके भरले की बाईंनी पुन्हा मोजले आणि परत डॉक्टरांना हाक गेली. दोघी मधल्या खाटेजवळ भेटल्या तेव्हा बाहेर दिवे लागले होते. पुढारी बाईंच्या खांद्याला टेकली आणि तशीच उभ्या उभ्या क्षणभर झोपली.

नवरा वाचला. त्याच्या गळ्याखाली कातडीच्या आत एक छोटं यंत्र बसवलं, ते हृदय थांबलं की ढोसतं. "आता मी असो नसो, रीडिंग येत राहणार," तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, आणि येणारा विषय बदलायचा.

तो घरी आल्यावर बाई गोगलगायीच्या मावशीकडे गेल्या. गोगलगाय शिवणयंत्राच्या आणि भिंतीच्या मधे, जिथे माणूस मावणार नाही अशा जागेत बसून काज करत होती. मावशी म्हणाली, "बघा ना मॅडम, दिवसाला चार सदरे होतात हिच्या हातून. पण काज असे की बटणालाच लाज वाटावी." हे कौतुक होतं की तक्रार ते मावशीलाही माहीत नव्हतं.

"पुरवणीला बसणार ना?" बाईंनी विचारलं.

"बसणार, मॅडम." ती हसली. तिला हसताना बाईंनी फारसं पाहिलं नव्हतं. "या वेळी नाही चुकणार. रोज रात्री सराव करते. उशीचा कोपरा धरायचा, घड्याळ बघायचं आणि म्हणायचं. आता अजिबात भीती वाटत नाही."

"काय म्हणायचं?"

"बहात्तर."

बाई चहा न घेता उठल्या. मावशीला वाटलं, फुटक्या कपामुळे.

दुसऱ्या दिवशी त्या प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्या जुन्या होत्या, थकल्या होत्या आणि वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मला समजतंय. पण लागलेला निकाल बदलायला नियमच नाही. नाडी किती, असा प्रश्न होता. नाडी नाही, हे उत्तर फक्त एकाच परिस्थितीत बरोबर धरता येईल."

"कुठल्या?"

"रुग्ण मेलेला असेल तर," प्राचार्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदाला कसंनुसं हसल्या.

बाई हसल्या नाहीत. त्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत गेल्या. नवी तुकडी अजून यायची होती. जावई एकटाच पडला होता, छातीचं झाकण चिकटपट्टीनं बसवलेलं. बाईंनी पडद्यामागचं स्टूल ओढलं, खाटेशेजारी बसल्या आणि त्याचं मनगट हातात धरून, दुसऱ्या हातानं, मांडीवर कागद ठेवून लिहायला घेतलं:

प्रति, मा. प्राचार्या यांस.

विषय: प्रात्यक्षिक कक्षातील रुग्णास मृत घोषित करणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर रुग्णाची नाडी रबरी फुगा चिरल्यापासून लागत नाही. त्यापूर्वी ती निम्नस्वाक्षरीकार स्वतः चालवीत होती. नाडी बंद पडल्यानंतरही रुग्णाची प्रकृती उत्तम असल्याचे निम्नस्वाक्षरीकाराने प्रत्येक तुकडीस शिकविले असून, त्याप्रमाणे उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थिनी सध्या ठिकठिकाणी जिवंत रुग्णांच्या सेवेत कार्यरत आहेत.

तरी विनंती की, सदर रुग्णास फुगा चिरल्याच्या दिनांकापासून मृत समजण्यात यावे. त्या दिनांकानंतर त्याच्या नाडीबाबत दिलेली सर्व उत्तरे, शिकविणारीच्या उत्तरासह, चूक धरण्यात यावीत. आणि ज्या एका विद्यार्थिनीस तो गेल्याचे कळले व जी त्यामुळे घाबरली, तिला उत्तीर्ण करण्यात यावे.

हे नियमात बसत नसल्यास, रुग्णास नाडी देण्यात यावी.